परत न गेलेला फ्रॉक

"वहिनी, हे नाही घेता येणार," तांबोळी म्हणाले आणि त्यांनी फ्रॉक उलटा करून माझ्यापुढे धरला.

काळा फ्रॉक, घेरावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेले पतंग. बाहेरून नाव ठेवायला जागा नव्हती. पण तांबोळींनी आतलं पांढरं अस्तर वर काढलं होतं, आणि तिथं शिवणीला लागून कुंकवाचं एक ठसठशीत बोट उमटलेलं होतं.

तांबोळी आमच्या भागात कुरियरचं काम करायचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे, उन्हातान्हात फिरून रापलेले. सामान आणून देणं त्यांच्याकडे आणि परत नेणंही त्यांच्याकडेच, त्यामुळे त्या वर्षात आमच्या दाराशी सगळ्यांत जास्त वेळा आलेला माणूस तेच असावेत. परत न्यायच्या वस्तूची तपासणी दारातच करायची असा कंपनीचा नियम. त्यांच्या हातातला फोन एकेक प्रश्न विचारायचा आणि ते अंगठ्यानं उत्तर द्यायचे. टॅग आहे? आहे. रंग तोच? तोच. वापरलेला वाटतो? नाही. डाग आहे? इथं अंगठा अडला होता.

"अहो, कुंकू आहे ते. डाग कसला?"

"मला कळतंय वहिनी. ह्याला कुठं कळतंय?" त्यांनी फोनकडे मान हलवली. "ह्यात डाग आहे आणि डाग नाही, एवढंच. दसरा-दिवाळी झाली की घरोघर हेच असतं. साडीला कुंकू, शर्टाला कुंकू. तसंच नेलं तर गोडाऊनला उघडून बघतात आणि माझ्या नावावर टाकतात."

रविवारी रेवाचं बोरन्हाण होतं. संक्रांतीच्या दिवसांत लहान पोराला काळं घालून, हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओततात, तो कार्यक्रम. त्यासाठी हाच फ्रॉक हवा होता, फक्त एक नंबर लहान. लहान माप कंपनीकडे होतं, कराडपर्यंत रविवारच्या आत पोचेल असंही दाखवत होतं, पण मोठा फ्रॉक तांबोळींच्या पिशवीत पडल्याशिवाय लहान निघणार नव्हता. अदलाबदल म्हणजे तशीच असते. तुमचा हात आधी मोकळा झाला पाहिजे.

फ्रॉक सैल असला तर काय बिघडतं, असं मंदारनं मला विचारलं होतं. मंदार माझा नवरा. साखर कारखान्यात हिशेब विभागाला होता आणि गळीत हंगाम चालू असल्यामुळे घरात फक्त झोपायला यायचा. त्याला काय बिघडतं ते दिसत नव्हतं, कारण तो कधी बायकांच्या घोळक्यात मुलीला मांडीवर घेऊन बसलेला नव्हता.

रेवा वेळेआधी जन्माला आली. वर्ष पुरं होऊन गेलं तरी आठव्या महिन्यातल्या बाळाएवढी दिसायची. डॉक्टर म्हणायचे, रांगतेय, हसतेय, तिच्या चालीनं वाढतेय, तुम्हीच जरा वजनकाट्याकडे बघणं कमी करा. डॉक्टरांचं हे ऐकायला मी एकटी असायचे. बाकीच्यांचं मात्र चारचौघांत ऐकावं लागायचं. किरकोळच आहे गं. दूध पुरत नाही का. आमची ह्या वयात पळत होती. माझ्या मोठ्या नणंदबाई, वृंदाताई, त्या तर रेवाचं मनगट दोन बोटांत धरून बघायच्या आणि काही न बोलता सोडून द्यायच्या. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. अंगावर लोंबणारा फ्रॉक घातलेली रेवा रविवारी त्या सगळ्यांच्या मधोमध पाटावर बसणार, ह्या विचारानंच मला जेवण जात नव्हतं.

गावातल्या दुकानात का नाही गेलीस, असंही तुम्ही विचाराल. गेले होते. दुकानातला माणूस विचारतो, केवढी आहे? आपण सांगतो, वर्षाची. मग तो काउंटरवरून वाकून मुलीकडे बघतो आणि म्हणतो, हिला मोठं होईल हे, लहान बाळांचं दाखवतो. त्या वाकून बघण्याला कंटाळून मी फोनवर कपडे मागवायला लागले. फोन वाकून बघत नाही.

आता रेवा सहावीत आहे आणि आपले कपडे आपणच निवडते. पण त्या वर्षी मला कपडे परत करण्याच्या नियमांची जेवढी माहिती होती, तेवढी ते नियम लिहिणाऱ्यालाही नसेल. मायक्रोबायोलॉजीची पदवी घेतलेली बाई मी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही. टॅग कापायचा नाही, आलेली पिशवी फाडायची नाही तर कडेनं कापायची, कपडा धुवायचा नाही, अत्तराचा वास लागता कामा नये. आतले कपडे परत होत नाहीत. सवलतीतले बदलून मिळतात, परत होत नाहीत. सणाचे कपडे बदलून मिळतात पण एकदाच, आणि फक्त मापासाठी. 'सहज परतावा' असं वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि सहज काय काय होणार नाही ते खाली बारीक अक्षरांत. हे सगळं मी तोंडपाठ केलं होतं. त्यात कुंकवाबद्दल कुठं काही नव्हतं.

माप निवडताना तिथं वय विचारतात, सेंटीमीटर नाही. माझी मुलगी वर्षाची, म्हणून मी वर्षाच्या मुलीचं माप मागवायचे. वाढदिवसाचा फ्रॉक, दिवाळीचं परकर-पोलकं, थंडीचं जाकीट, सगळं आलं आणि सगळं गेलं. परत करताना कारण निवडावं लागतं. मी 'माप मोठे आहे' निवडायचे. मुलगी लहान आहे असा पर्याय त्या यादीत नव्हता, आणि असता तरी मी त्याला हात लावला नसता.

तर असं सगळं करून, ह्या वेळी मनावर दगड ठेवून, मी बदली म्हणून 'सहा ते नऊ महिने' हे माप मागितलं होतं. आणि आता कुंकू.

मी आत वळून विचारलं, "आई, ह्या फ्रॉकला कुंकू तुम्ही लावलंत?"

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. कडेवर रेवा, दुसऱ्या हाताला तिळाचं कूट लागलेलं. "लावलं की. नवं कापड आहे. लावायला नको?"

"पण हा बदलायचा आहे म्हटलं होतं ना मी."

"ते तू नंतर म्हणालीस. मी आल्या आल्याच लावलं." आणि मग माझ्या अंगावरून पुढं बघत, "तांबोळीभाऊ, आत या, पाणी घ्या. उभ्यानं काय बोलताय?"

एवढं होऊन माणूस तिळाची वडी खात बसला. सासूबाईंनी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची चौकशी केली, त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्याची. मी फ्रॉक हातात धरून दोघांच्या मधे उभी. शेवटी तांबोळीच उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या एकदा येतो वहिनी. दुसरी चक्कर मारायची मुभा आहे मला. उद्या डाग दिसला नाही, तर मला दिसला नाही."

ते गेल्यावर मी कंपनीला फोन लावला. मराठीसाठी कुठला आकडा दाबायचा ते ऐकून तो दाबला, तर पलीकडे हिंदी बोलणारी मुलगी. माझ्या नावापुढे 'जी' लावून इतकं गोड बोलत होती, की रागावणंही जमेना. मी समजावलं की आमच्याकडे नव्या कपड्याला कुंकू लावतात, वापरायच्या आधी लावतात, म्हणजे कुंकू आहे ह्याचाच अर्थ कपडा नवा आहे. ती म्हणाली, मला तुमची अडचण पूर्ण समजते. मग तिनं विचारलं की डाग खाण्याचा आहे, शाईचा आहे की इतर. मी म्हटलं डाग नाहीच आहे. ती म्हणाली, मग तक्रार नोंदवता येत नाही. मी म्हटलं, बरं, इतर. ती म्हणाली, डाग असलेली वस्तू नियमानुसार परत घेता येत नाही. फोन ठेवायच्या आधी तिनं मला विचारलं की आजच्या सेवेला मी किती तारे देईन.

मंदारला फोन केला तर मागं कारखान्याच्या भोंग्याचा आवाज. तो म्हणाला, आईनं लावलं तर राहू दे ना, एवढं काय त्यात. मी फोन ठेवला.

मग मी तो डाग काढायला बसले. पाणी लावायचं नाही, कारण धुतलेला कपडा हाताला लगेच कळतो. साबण तर नाहीच, कुंकवाला साबण लागला की ते वेगळाच रंग धरतं आणि पसरतं. आधी कोरड्या ब्रशनं भुकटी झटकली. मग पावाचा मऊ भाग गोळा करून त्यानं टिपत बसले, एक गोळा लाल झाला की दुसरा. मग रेवाची पावडर टाकून झटकायची, पुन्हा पाव. रेवा शेजारी बसून लाल झालेले गोळे तोंडात घालायला बघत होती, ते तिच्या मुठीतून काढून घ्यायचे. सासूबाई समोर कॉटवर हलव्याच्या बांगड्या दोऱ्यात ओवत होत्या आणि मधूनमधून मान वर करून बघत होत्या.

"जायचं नाही ते," त्या म्हणाल्या. "देवापुढचं कुंकू आहे. पक्कं असतं."

मी पावाचा पुढचा गोळा केला. दिवेलागणीला ते गेलं. अगदी गेलं असं नाही, पण माहीत नसलेल्या माणसाला दिसलं नसतं. मी फ्रॉक घडी करून, टॅग वर येईल असा पिशवीत घातला, पिशवी कपाटावर ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी तांबोळी आले तेव्हा मी त्यांच्यासाठी दारातच खुर्ची ठेवली होती. त्यांनी पिशवीतून फ्रॉक काढला, बाहेरून बघितला, फोनवर अंगठ्यानं हो-हो-नाही केलं आणि अस्तर वर काढलं. अंगठा पुन्हा तिथंच अडला.

"वहिनी," ते म्हणाले, "हे कालच्यापेक्षा मोठं झालंय."

मी वाकून बघितलं. शिवणीला लागून पुन्हा कुंकू होतं. ताजं, ओलं करून लावलेलं, आणि शेजारी हळदीचं बोट. काल एक होतं, आज जोडी.

तांबोळींनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आत सासूबाई रेवाला भात भरवत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. मग तांबोळींनी आपल्या चपलांकडे बघितलं.

"घरातलं घरात बघा वहिनी. मी ग्राहकानं रद्द केलं असं टाकतो. त्यात कुणावर काही येत नाही." त्यांनी फ्रॉकची घडी माझ्यापेक्षा नीट घातली आणि खुर्चीवर ठेवून ते गेले.

मी दार लावलं. कडी जरा जोरात लागली असेल, रेवा दचकली.

"मुद्दाम केलंत ना?"

"हो," सासूबाई म्हणाल्या आणि तिला पुढचा घास दिला.

त्यांनी नाही म्हटलं असतं, विसरले म्हटलं असतं, तर मी कदाचित आवरलं असतं. त्या 'हो'नं माझा तोल गेला. वर्षभराचं सगळं तोंडाला आलं. मी म्हटलं, वृंदाताई रविवारी काय बोलतील ते तुम्हाला माहीत नाही का. मुलगी माझी, बोलणी मला, तुमचं काय जातं. मी एवढे नियम वाचून, फोन करून, पाव घासून जे जमवलं ते तुम्ही एका बोटानं मोडलंत. तिला बुजगावणं करून बसवायचंय का तुम्हाला सगळ्यांपुढे. असं बरंच. त्या घास भरवत राहिल्या. भाताची वाटी संपली तेव्हा त्यांनी रेवाचं तोंड पदरानं पुसलं आणि तिला सतरंजीवर सोडलं. ती रांगत रांगत थेट खुर्चीकडे गेली आणि फ्रॉकचं टोक ओढायला लागली.

"आमच्या वेळी कापड पसंतीला घरी यायचं," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं विषय बदलतायत. मी म्हटलं, माहीत आहे. खरं म्हणजे मला नीट माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. चावडीजवळच्या दुकानातून माणूस गठ्ठा घेऊन यायचा आणि घरात ठेवून जायचा. बायका दोन-चार दिवस बघायच्या, अंगाला लावून बघायच्या, शेजारणीला दाखवायच्या. नको ते परत. दुकानदार कधी कटकट करत नसे. ना पावती, ना टॅग. फक्त एक होतं, कुंकू लागलं की कापड आपलं. मग ते परत जात नाही. दुकानदार मागतही नाही आणि आपण देतही नाही.

"वृंदानंतर, मंदारच्या आधी मला आणखी एक मुलगी होती," त्या म्हणाल्या.

मी आठ वर्षांची ओळख आणि चार वर्षांचा संसार धरून हे पहिल्यांदा ऐकत होते.

"हिच्यासारखीच. लवकर आलेली, एवढीशी. बारशाला कुंची पसंतीला आणली होती. हिरवी, जरीच्या काठाची. तिच्या डोक्याला फार मोठी होत होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, लहान आणायला सांगू. मी म्हटलं राहू दे, येईल की त्या मापाला. कुंकू बारशाच्या दिवशी लावू म्हटलं, म्हणून तशीच घडी करून ठेवली."

रेवानं फ्रॉक खाली ओढला होता आणि ती त्यावर बसली होती.

"बारसं काही झालं नाही. मी पडून होते. सासूबाईंनी गठ्ठा बांधला आणि दुकानात पाठवून दिला. कुंचीसकट. चूक नव्हती त्यांची, कुंकू लागलेलं नव्हतं. दुकानदारानंही काही न बोलता ठेवून घेतली. मी उठून बघितलं तर कपाटात काही नाही. नाव नव्हतं ठेवलेलं, फोटो नव्हता. निदान ती कुंची राहिली असती."

मी जाऊन रेवाखालचा फ्रॉक काढायला लागले, तर तिनं भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला उचललं.

"तू सगळं चांगल्यासाठी करतेस, मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण वर्षभर बघतेय. हिच्या नावानं घरात कापड येतं आणि मोठं होतं म्हणून परत जातं. ती पिशवी दाराबाहेर गेली की मला रात्रभर डोळा लागत नाही. तुला सांगून तू ऐकली नसतीस. मग म्हटलं, हा तरी जाऊ द्यायचा नाही."

"पण मला सांगायचं तरी," मी म्हटलं. आवाज अजून रागाचाच निघत होता. तो इतक्यात उतरणार नव्हता.

"काय सांगू? मंदारला माहीत नाही. त्याला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. आजही त्याला माहीत नाही.

शनिवारी दुपारी रेवा झोपल्यावर मी फ्रॉक घेऊन सुईदोरा काढला. खांद्यावर दोन्हीकडे चूण घ्यायची, बगलेत थोडं आत घ्यायचं, आणि घेर वर मुडपायचा. शिवण मला फारशी येत नाही, म्हणून डोळे फाडून एकेक टाका घालत होते. टॅग मी आधीच कापून टाकला होता. कॉटवर सासूबाई पडल्या होत्या, मला वाटलं डोळा लागलाय.

"एवढे बारीक टाके कशाला घालतेस?" त्या म्हणाल्या. "पक्कं शिवतेस की काय?"

"उद्या मधेच सुटलं म्हणजे? सगळ्यांच्या देखत."

"एक दिवस टिकलं की झालं." त्या कोपरावर उठल्या आणि हात पुढं करून त्यांनी फ्रॉक माझ्याकडून घेतला. चष्मा नव्हता, म्हणून डोळ्यांजवळ धरून माझी शिवण बघितली आणि नापसंतीनं परत दिला. "उसव हे. कच्चा दोरा घाल, लांब लांब. पावसाळ्याच्या आत सोडायलाच लागणार आहे."

मी घातलेले टाके कात्रीनं कापले, दोऱ्याचे तुकडे वेचले आणि पुन्हा सुईत दोरा ओवला.